पुस्तकातला लांडगा आणि घरातला कुत्रा

आमच्या एका शिक्षक मित्राने तीन वर्षांपूर्वी लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणले. त्याचे नाव रॉकी. घरात सगळ्यांचा लाडका, पण एक खोड होती. खाताना कोणी जवळ गेले की तो ताठ व्हायचा आणि गुरगुरायचा. मित्र वाचणारा माणूस. त्याने कुत्रा पाळण्यावरची दोन इंग्रजी पुस्तके मिळवली, इकडून तिकडून काही चित्रफिती पाहिल्या. सगळीकडे निदान एकच होते : कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत एक ‘अल्फा’ म्हणजे सर्वश्रेष्ठ नर असतो, तुमचा कुत्रा ती जागा बळकावू पाहतो आहे. उपायही एकच होता. तो गुरगुरला की मानगूट धरून उताणा पाडायचा, जमिनीवर दाबून धरायचा आणि त्याने नजर वळवेपर्यंत डोळ्यांत रोखून बघायचे. मित्राने हे इमानेइतबारे केले. तीन आठवड्यांत गुरगुरणे थांबले. “बघ, कळलं त्याला मालक कोण ते!” असे आम्हालाही त्याने अभिमानाने सांगितले होते.

पुढच्या मे महिन्यात त्याची सहा वर्षांची भाची सुटीत राहायला आली. खाली पडलेली पोळी उचलायला ती वाकली आणि रॉकीने तिचे मनगट फोडले. त्याआधी त्याने कसलाही आवाज केला नाही. रुग्णालयात जखमेभोवती रेबीजविरोधी सीरम टोचले, लसीचे डोस सुरू झाले. अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत, त्यामुळे ती भरायला बरेच दिवस गेले. मित्राचा प्रश्न एकच होता : “पुस्तकात लिहिलं तसंच केलं होतं ना रे?”

त्या प्रश्नासाठी आम्ही ती पुस्तके वाचायला घेतली, आणि मग त्या पुस्तकांच्या मागची पुस्तके. या लेखात आम्ही त्यांचे परीक्षण करतो आहोत. कुत्रा न पाळणाऱ्या वाचकांनीही ते वाचावे, कारण एक वैज्ञानिक निरीक्षण चुकीच्या जागी जाऊन बसले की काय होते याचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात सांगायला सहसा मिळत नाही.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठातल्या ख्रिस्ती साधूंनी लिहिलेले ‘हाऊ टू बी युवर डॉग्ज बेस्ट फ्रेंड’. पहिली आवृत्ती १९७८ सालची. हे साधू जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करत आणि लोकांचे कुत्रे शिकवूनही देत. पुस्तक वाचताना त्यांचा जिव्हाळा पानोपानी जाणवतो. कुत्र्याला अंगणात बांधून विसरू नका, त्याला माणसांत ठेवा, त्याच्या शरीराची भाषा वाचायला शिका, असे त्यांनी कळकळीने सांगितले आहे. त्या काळात हे सांगणे आवश्यकच होते. पण त्याच पुस्तकाने कुत्र्याला उताणा पाडण्याची शिक्षा घराघरांत पोचवली, तीही ‘लांडगे असेच करतात’ हा दाखला देऊन. लेखकांनी ती ऊठसूट करायला सांगितलेली नव्हती, हे खरे. वाचकांनी मात्र बाकीचे पुस्तक विसरून नेमकी तेवढीच गोष्ट लक्षात ठेवली. पुस्तकांचे असे नेहमीच होते. आपल्या पाठ्यपुस्तकांचे काय होते ते आपण जाणतोच.

आता हा ‘लांडग्यांचा दाखला’ कुठून आला ते पाहू.

रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. निरीक्षणे बारकाईची आहेत. शेपटी कशी, कान कसे, ओठ किती मागे ओढलेले, याची त्याने केलेली वर्णने आजही उपयोगी पडतात. त्याला असे दिसले की नरांमध्ये आणि माद्यांमध्ये वरच्या जागेसाठी सतत झगडे चालतात आणि शेवटी एक जोडी सगळ्यांवर वर्चस्व गाजवते. हे दिसण्यासाठी त्याची नजर आधीच तयार झाली असणार. कारण १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बेने कोंबड्यांमधली चोच मारण्याची उतरंड दाखवली होती आणि तेव्हापासून प्राण्यांच्या प्रत्येक कळपात उतरंड शोधण्याची टूम निघाली होती.

शेंकेलचे लांडगे कुठे राहत होते? दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब अशा आवारात, एका वेळी दहापर्यंत. म्हणजे आपल्या चार वर्गखोल्यांएवढी जागा. रानातल्या लांडग्यांच्या एका कुटुंबाचा वावर शेकडो चौरस किलोमीटरवर असतो. रानात लांडग्याचे पिल्लू एक ते तीन वर्षांचे झाले की आईबापांना सोडून निघून जाते आणि स्वतःचा जोडीदार शोधते. बाझेलच्या पिंजऱ्यातून निघून कुठे जाणार? वयात आलेले, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून एकत्र कोंडलेले प्राणी भांडतील नाही तर काय करतील! एस.टी. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपाशी चाललेली रेटारेटी पाहून कोणी मराठी कुटुंबव्यवस्थेवर प्रबंध लिहावा, तसे हे झाले.

दोष एकट्या शेंकेलचा नाही. त्याने जे पाहिले ते लिहिले. पण पुढे १९७० साली डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने ‘द वुल्फ’ हा ग्रंथ लिहिला, त्यात तोवर झालेले सगळे काम एकत्र केले आणि त्याबरोबर ‘अल्फा’ही घेतला. ग्रंथ उत्तम होता, खूप खपला, आणि पिंजऱ्यातला लांडगा हाच ‘लांडगा’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला.

यापुढची गोष्ट मात्र विज्ञानाला शोभेशी आहे. १९८६पासून मेक दर उन्हाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या एल्समीअर बेटावर जाऊ लागला. तिथल्या लांडग्यांना माणसाची फारशी भीती नाही, त्यामुळे त्यांच्या बिळापाशी बसून त्यांना रोज पाहता येते. त्याला दिसले ते एक साधे कुटुंब : आई, बाप आणि गेल्या एकदोन वर्षांतली पिल्ले. आईबाप पुढे असतात ते कोणाला हरवून नव्हे, तर ते आईबाप आहेत म्हणून. वरच्या जागेसाठी झगडे त्याला दिसलेच नाहीत. १९९९ साली त्याने एका शोधनिबंधात हे मांडले आणि ‘अल्फा’ हा शब्द रानातल्या साध्या कुटुंबाला लावू नये असे सुचवले. स्वतःचा गाजलेला ग्रंथ छापणे बंद करा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. ते अखेर २०२२ साली बंद झाले. आपल्याच पुस्तकाचा खप थांबवण्यासाठी धडपडणारा लेखक आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.

न्यू स्कीटच्या साधूंनीही २००२च्या सुधारित आवृत्तीत उताणे पाडण्याचा सल्ला मागे घेतला. आमच्या मित्राच्या कपाटात जुनी आवृत्ती होती, रद्दीच्या दुकानातून आणलेली.

पण समजा, लांडग्यांमध्ये खरोखरच अल्फा असता, तरी त्यावरून घरातल्या कुत्र्याबद्दल काही सिद्ध होते का? इथे आणखी दोन उड्या आहेत, आणि दोन्ही आंधळ्या. पहिली उडी लांडग्यापासून कुत्र्यापर्यंतची. कुत्रा माणसाजवळ आला त्याला निदान पंधरा हजार वर्षे होऊन गेली. कोनराड लॉरेंझसारख्या थोर वर्तनशास्त्रज्ञाने सुरुवातीला बहुतेक कुत्र्यांचा पूर्वज कोल्ह्यासारखा दिसणारा सोनेरी जॅकल मानला होता. पुढे त्यांनी ते मत सोडले. पूर्वज लांडगाच, याबद्दल आता वाद नाही. पण पूर्वजावरून वंशजाचे वागणे ठरवायचे असेल तर मग माकडांकडे पाहून शाळेचे वेळापत्रकही ठरवता येईल. कुत्रा कसा वागतो हे कुत्र्याकडे पाहूनच ठरवावे, आणि त्यासाठी आपल्याला दूर जायची गरज नाही. गल्लीतले कुत्रे हा आपल्या दारातला अभ्यासविषय आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या मानबी पॉल आणि अनिंदिता भद्र यांनी मोकाट कुत्र्यांच्या संगोपनावर काम केले आहे. पिल्लांना आईखेरीज तिच्या नात्यातल्या माद्या आणि बाप असावेत असे वाटणारे नरही सांभाळतात, असे त्यांना आढळले. २०१८च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी याला भारतीय एकत्र कुटुंब म्हटले आहे. आम्हाला ते शीर्षक फार आवडले.

याचा अर्थ कुत्र्यांमध्ये उतरंड नसतेच असा नाही. काही नव्या पुस्तकांनी तसा सूर लावला आहे. तो आम्हाला पटत नाही. रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासात (२०१०) उतरंड स्पष्ट दिसली. पण ती दिसली कशावरून? मुख्यतः खालच्याने वरच्याला आपणहून दाखवलेल्या नम्रतेवरून. आणि वरच्या जागी बहुधा वयाने मोठे कुत्रे होते. वरच्याने रोज कोणाला आपटण्याची गरज पडत नव्हती.

दुसरी उडी याहून लांब आहे : कुत्र्याकडून माणसापर्यंत. घरातला कुत्रा आपल्याला टोळीतला आणखी एक कुत्रा समजतो आणि आपल्या जागेसाठी डाव टाकतो, याला पुरावा काय? पुस्तके उलटसुलट चाळूनही आम्हाला तो सापडला नाही. सापडले ते पुढीलप्रमाणे. कुत्रा का गुरगुरतो? तो वर्चस्ववादी आहे म्हणून. तो वर्चस्ववादी आहे हे कशावरून? तो गुरगुरतो यावरून. ‘अफूने झोप का येते? तिच्यात निद्राजनक शक्ती असते म्हणून’ असे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर आपण गुण देऊ का? एखाद्या मुलाला ‘तो मुळातच उद्धट आहे’ म्हटले की चौकशी थांबते, तशीच इथेही थांबते. कान दुखतो आहे का, दात किडला आहे का, सांधा धरला आहे का, पूर्वी त्याच्या तोंडचे कोणी हिसकावले होते का, हे मग कोणी विचारत नाही.

आता उताणे पाडण्याच्या क्रियेकडेच बघू. शेंकेलनेच १९६७ साली आणखी एक निबंध लिहून नम्रतेचे दोन प्रकार वेगळे केले. एकात खालचा प्राणी वाकून, शेपटी हलवत वरच्याचे तोंड चाटायला जातो. दुसऱ्यात तो स्वतः अंगावर किंवा पाठीवर पडून पोट उघडे करतो. इथे ‘स्वतः’ हा शब्द महत्त्वाचा. त्याला कोणी पाडत नाही. पिल्लू आईसमोर लोळते आणि आपण मुलाला जबरदस्तीने वाकवून नमस्कार करायला लावतो, या दोहोंत जेवढा फरक तेवढाच इथे आहे. एका प्राण्याने दुसऱ्याला खरोखर पाठीवर पाडून दाबून धरले, तर पाडलेल्याला त्याचा अर्थ एकच कळतो : आता जीव जाणार.

आणि जीव जाणार असे वाटले की प्राणी काय करतो? उलरिक आणि अझ्रिन यांनी १९६२ साली उंदरांच्या जोडीला पायांखालून विजेचे झटके दिले, तेव्हा एरवी शांत असलेले उंदीर एकमेकांवर तुटून पडले. वेदना आणि भीती आक्रमकता निर्माण करतात, ही आपल्या क्षेत्रातली जुनी माहिती आहे. कुत्र्यांबद्दलची आकडेवारी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दिली. वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना त्यांनी विचारले, तुम्ही कोणते उपाय केलेत आणि कुत्र्याची प्रतिक्रिया काय होती? मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा अंगावर आल्याचे सांगितले. तोंडातली वस्तू जबरीने काढणाऱ्यांपैकी ३९ टक्के, उताणे पाडणाऱ्यांपैकी ३१ टक्के, रोखून बघणाऱ्यांपैकी ३० टक्के.

ही पाहणी सगळीकडे ठोकून देण्यापूर्वी तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर आम्हीही त्याच पुस्तकांच्या पंगतीत बसू. हे सगळे मालक रुग्णालयात आले होते कारण त्यांचा कुत्रा आधीच त्रास देत होता. ज्यांचा कुत्रा दोन आपटण्यांत सुधारला ते आलेच नसणार. शिवाय उत्तरे आठवणीवर आधारलेली. म्हणजे ‘शंभरातले एकतीस कुत्रे चावतात’ असे यातून म्हणता येत नाही. पण ज्या कुत्र्यांसाठी हा उपाय सांगितला जातो, म्हणजे आधीच आक्रमक असलेल्या कुत्र्यांसाठी, त्यांच्याच बाबतीत तो इतका धोक्याचा निघाला, एवढे म्हणायला ती पुरेशी आहे.

मग रॉकीचे गुरगुरणे थांबले कसे? खरा धोका इथेच आहे आणि पुस्तके त्याबद्दल गप्प आहेत. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची एक शिडी काढून दाखवली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई देणे, नाक चाटणे, तोंड फिरवणे, मग अंग फिरवणे, निघून जाणे, कान मागे घेऊन दबणे. त्यावर अंग ताठ करणे, रोखून बघणे, मग गुरगुरणे, हवेत चावा घेणे, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष चावणे. गुरगुरणे म्हणजे ‘कृपा करून थांबा’ असे सांगायची शेवटून तिसरी संधी. ती वापरली की मार बसतो एवढे कुत्रा चटकन शिकतो. ताटाजवळ कोणी आले की त्याला वाटणारी भीती मात्र आहे तिथेच राहते, किंबहुना वाढते, कारण आता ताटाजवळ येणारा माणूस आपटतोही. मित्राने रॉकीची शिडी मधूनच कापली होती. घरातल्यांना वाटले, कुत्रा सुधारला.

या पद्धती टिकून राहतात त्याचेही एक कारण आम्हाला दिसते. दाबून धरलेला कुत्रा थिजतो, गप्प होतो. त्या क्षणी मालकाला सुटल्यासारखे वाटते, म्हणजे बक्षीस मालकाला मिळते आणि सवय त्याला लागते. दूरचित्रवाणीवर तर हे फारच उठून दिसते. २००४ ते २०१२ या काळात गाजलेल्या ‘डॉग व्हिस्परर’ या अमेरिकन मालिकेत खवळलेला कुत्रा काही मिनिटांत निपचित पडे. ‘तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय हे करू नका’ अशी पाटीही पडद्यावर येत असे. पाटी कोण वाचतो?

जी गोष्ट या पुस्तकांत हवी होती ती १९२४पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे, फक्त ती कुत्र्यांवरची नाही. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरायचा. त्यांनी त्याला आवडीचा खाऊ दिला आणि तो खात असताना ससा दूरवर ठेवला, इतका दूर की मुलगा खात राहील. मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पाव्हलोव्हचाच हा नियम, भीती घालवण्यासाठी वापरलेला. ताटावर गुरगुरणाऱ्या कुत्र्यालाही हेच लागू पडते. तो खात असताना, तो ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून जाता जाता ताटापेक्षा चांगला तुकडा टाकायचा आणि पुढे जायचे. उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. अंतर आठवड्यांच्या हिशेबाने कमी करायचे. कुत्रा ताठ झाला तर घाई आपण केली, एक पाऊल मागे. हे मोठ्या माणसाने करायचे, मुलांनी कधीही नाही. आणि त्याआधी पशुवैद्याकडून तपासणी, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला अंड्याने बरे करता येत नाही.

मुळातच हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. स्कॉट आणि फुलर यांच्या १९६५च्या ग्रंथात पिल्लांच्या वाढीचा तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्याचा काळ निर्णायक म्हणून दाखवला आहे. त्याआधी १९६१ साली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी काही पिल्ले कुंपणाच्या शेतात माणसाशिवाय वाढवली. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न पाहिलेली पिल्ले पुढे माणसाला जंगली जनावरासारखीच बिचकत राहिली. आपल्याकडे महागडे पिल्लू आणून नेमक्या याच काळात त्याला गॅलरीत बांधून ठेवणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

नव्या, ‘फक्त प्रेमाने’ शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दलही एक तक्रार नोंदवतो. प्रत्येक कुत्रा सुधारतोच असे आश्वासन ती देतात. तसे नसते. काही कुत्र्यांना लहान मुलांसोबत मोकळे ठेवणे कधीच सुरक्षित होत नाही. तिथे दार, साखळी आणि आनंदाने घालून घ्यायला शिकवलेली मुस्की हाच प्रामाणिक उपाय. शिवाय दोन्ही प्रकारची पुस्तके परदेशी असल्याने त्यांत रेबीज जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ते पहिल्या पानावर हवे. चावा पाळीव कुत्र्याचा असो, लस दिलेल्या कुत्र्याचा असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि तडक रुग्णालयात जायचे. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बरा होत नाही, हे मुलांना प्राथमिक शाळेतच सांगायला हवे. त्याचबरोबर, खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही, हेही.

रॉकीचा कान तपासला तेव्हा आत जुना संसर्ग निघाला. त्यावर औषध झाले. आता तो स्वयंपाकघराच्या दारामागे, एकटा जेवतो आणि पाहुण्यांची मुले घरात असली की ते दार बंद असते. मित्र रोज संध्याकाळी अंड्याचे तुकडे टाकत ये-जा करतो. भाची यंदा आली नाही. परवा त्याचा फोन आला, “अरे, काल जरा जास्त जवळून गेलो, तर गुरगुरला की रे तो! बऱ्याच महिन्यांनी.” आम्ही विचारले, “मग काय केलंस?” तो म्हणाला, “काय करणार? मागे सरकलो.”